पाठीचा शॉट

कपड्यांच्या खोलीत मी जरा आडवी होते आणि झोपायचं नाही असं स्वतःला बजावते. जेवणाची सुट्टी झाली आहे. बाहेर अंगणात ताटं वाजताहेत, कुणीतरी रश्श्याला नावं ठेवतंय, आणि लांब शेतात उभ्या केलेल्या जनरेटरच्या गाडीची घरघर जमिनीतून माझ्या पाठीपर्यंत येते आहे. मला जेवण जाणार नाही. आज माझ्या सिनेमाचा पहिला दिवस आहे. माझ्या, म्हणजे खरोखर माझ्या. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या सिनेमांवर साहाय्यक म्हणून राबले, नटांना चहा झाला का विचारत फिरले, आणि आज क्लॅपच्या पाटीवर दिग्दर्शक म्हणून शर्मिष्ठा वडणगेकर असं लिहिलेलं आहे. येता-जाता ती पाटी उचलून मी उगीचच वाचते. मघाशी एका लाइटवाल्यानं मला तसं करताना पकडलं. तो हसला, मीही हसले.

आनंदानं वेड लागायचं तेवढं बाकी आहे. पण त्या आनंदात एक कुसळ शिरलंय, तेही सांगून टाकते.

सकाळी मुहूर्ताचा नारळ मी हातात घेतला तर गुरुजींनी तो हलकेच काढून घेतला. बाईमाणसानं नारळ फोडायचा नसतो म्हणे. मग तो फोडला खोतदादांनी. दिगंबर खोत हे आमचे कॅमेरामन. कोल्हापुरात ज्या सेटवर मी काम शिकले त्याच सेटवर ते कॅमेऱ्याचा फोकस ओढायचे, त्यामुळे मला शमे म्हणून हाक मारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. माणूस वाईट नाही, कामाला तर वाघ आहे. पण नारळ त्यांच्या हातून फुटला आणि सेट त्यांचा झाला. मी दिवा डावीकडे घ्या म्हटलं की लाइटवाला आधी दादांकडे बघायचा, मग दिव्याला हात लावायचा.

पुढचं जास्त वाईट आहे. पहिला शॉट लागला. सगळे गप्प झाले. दादा म्हणाले, "रोलिंग." आता पुढचा शब्द माझा होता, आणि तो माझ्या तोंडून बाहेर पडेना. त्याचं कारण ऐकलं तर लोक हसतील. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या बाई कधी "अ‍ॅक्शन" म्हणत नसत. त्या म्हणत, "होऊ द्या." तेच माझ्या जिभेवर आलं, आणि चोरीचा माल विकायला काढल्यासारखं वाटलं. मग "अ‍ॅक्शन" म्हणायला गेले, तर ते परक्याचं वाटलं. या घोळात कॅमेरा नुसताच चालत राहिला, आणि दादांनी सवयीनं स्वतःच "अ‍ॅक्शन" म्हणून टाकलं. शॉट ओके झाला. टाळ्या पडल्या. काय घडलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मी दात काढून हसत उभी राहिले, आणि आतून असा संताप झाला की सांगायची सोय नाही.

आता सुट्टीनंतर सिनेमातला सगळ्यांत मोठा शॉट आहे. थोरली बहीण वारल्यावर धाकटी माहेरी येते, रिकाम्या स्वयंपाकघरात शिरते आणि चूल पेटवते, एवढंच. मला तो सबंध शॉट पाठीमागून हवा आहे. दादांनी कॅमेरा चुलीच्या पलीकडे, समोरून लावून ठेवलाय. वासंतीताईंचा चेहरा बघायला लोक येणार, पाठ बघायला कोण येतंय, असं म्हणून ते जेवायला गेले. वासंती नेर्लेकर म्हणजे आमची नायिका, मोठी नटी. त्या आमच्यात कोण जिंकतंय ते बघताहेत. सुट्टी संपल्यावर मी कॅमेरा फिरवून घेतला नाही, आणि पुन्हा दादांनीच "अ‍ॅक्शन" म्हटलं, तर हा सिनेमा पाटीपुरता माझा राहील. हे मला लख्ख कळतंय, आणि तरी पापण्या जड होताहेत. जनरेटरची घरघर लांब जाते आहे.

"सरक," कुणीतरी म्हणतं.

मी सरकते. नऊवारी साड्यांच्या गठ्ठ्यावर माझ्या शेजारी बाई बसतात. मंदाकिनी सरनोबत, "होऊ द्या" म्हणणाऱ्या. चष्मा कपाळावर, मनगटावर पुरुषी घड्याळ, पदर खोचलेला. दोन दिवाळ्यांपूर्वी त्या गेल्या. पंचगंगेच्या घाटावर मी स्वतः उभी होते, तरी मला नवल वाटत नाही. फक्त इतका आनंद होतो की उठून बसताना मी एका हँगरवर आपटते.

"बाई, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. मग काय तिथंच बसून ऱ्हाऊ?"

कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं बाई स्वतःला गेलो, आलो, बसलो असंच म्हणतात. मुंबईचे पत्रकार त्यावर हसायचे. बाई त्यांच्याकडे लक्ष द्यायच्या नाहीत.

त्या वासंतीताईंसाठी काढून ठेवलेली साडी उचलतात, नाकाला लावतात आणि ही लई नवी हाय, दोनदा धुऊन घे म्हणतात. मी धुऊन घेते असं कबूल करते. मग त्या माझ्याकडे निरखून बघतात आणि मुहूर्ताचा नारळ कुणी फोडला ते विचारतात. मी साडीच्या घड्या घालायला लागते. त्यांना काय ते समजतं.

"चल," त्या म्हणतात.

शेवटच्या हँगरवरची साडी बाजूला केली की मागं स्टुडिओ आहे. बाईंचा स्टुडिओ, तोच. पत्र्याचं उंच छत, कबुतरं, प्लॅस्टरचं अर्धं देऊळ, दोरांवर टांगलेले मोठे दिवे. तो पाडून तिथं फ्लॅट झाले, हे मला ठाऊक आहे, आणि ते फ्लॅटही इथंच आहेत. वर दिवे लावायच्या फळ्यांवरून गृहिणी कपडे वाळत घालताहेत आणि खाली आमच्याकडे बघताहेत. एका टॉवेलातून पाणी ठिबकतंय. ते चुकवत आम्ही चालतो.

बाई वाटेत दारं दाखवत जातात. हे केशभूषेचं दार. इथं त्या परकर-पोलक्यात आल्या होत्या, टोपांना डिंक लावायला. हे संकलनाचं. इथं त्या फिल्मचे तुकडे जोडायच्या, बोटांना फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा वास कायमचा बसला होता. मी त्यांचा हात नाकाशी नेते तर वास अजून आहे. तुकडे जोडता जोडता आपल्याला सिनेमा समजायला लागला, असं त्या सांगतात. पुरुष सेटवर बसून काय चुका करतात ते सगळं त्या खोलीत येऊन पडायचं आणि त्या गुपचूप निस्तरायच्या. मग एका सिनेमाचा दिग्दर्शक भांडून निघून गेला, उरलेलं काम बाईंनी पुरं केलं, पण पडद्यावर नाव आलं नाही. स्टुडिओच्या मालकाला मात्र सगळं माहीत होतं, म्हणून पुढचा सिनेमा त्यांना मिळाला. हे मी पूर्वी शंभरदा ऐकलेलं आहे. आज मात्र दारं खरी आहेत आणि प्रत्येक दार उघडतंय, आणि मला लहान पोरीसारखं सगळ्या दारांतून आत धावावंसं वाटतंय.

"पहिल्या सिनेमाचा नारळ मालकाच्या मेव्हण्यानं फोडला," बाई सांगतात. "अन् सबंध सिनेमाभर माझ्या कानाशी उभा ऱ्हायला. हे असं घ्या, ते तसं घ्या."

"आणि दुसऱ्याला?"

दुसऱ्याला बाईंनी नारळ पिशवीत लपवून आणला होता. गुरुजी गंध उगाळत बसले होते तेवढ्यात त्यांनी तो ट्रॉलीच्या रुळावर आपटला. एका घावात फुटला, पण पाणी थेट लेन्सवर उडालं. कॅमेरामन मटकन खाली बसला आणि रडायला लागला. गुरुजी उठून गेले. मालकाच्या बायकोनं मात्र पदर तोंडात धरून हसू दाबलं.

"मग काय केलंत?"

"काय करायचं? लेन्स पुसली की."

मी हसत सुटते. माझं हसणं पत्र्याच्या छतावर आपटून परत येतं, वरच्या गृहिणीही हसतात आणि सगळी कबुतरं एकदम उडतात. कबुतरं उडतात तसा उजेड कमी होत जातो. अंधारात शेंगांची टरफलं पायाखाली मोडायला लागतात. खोबरेल तेलाचा, लहान पोरांच्या अंगाचा वास येतो. आम्ही थिएटरात आहोत. खास महिलांसाठी खेळ आहे. बाकांवर बायका खेटून बसल्या आहेत, मांडीवर पोरं, पिशवीत भाजी. बाई एका म्हातारीला सरकायला सांगतात आणि आम्ही दोघी तिच्या बाकावर बसतो.

"पाठीचा शॉट कुठनं सुचला तुला?" बाई हळूच विचारतात.

मी सांगते की कुणाकडून घेतलेला नाही. माझी आई गेल्यानंतर मावशी आमच्या घरी आली होती, ती चुलीपाशी बसली आणि किती तरी वेळ वळलीच नाही. तिचा चेहरा मी पाहिला नाही. पाठच पाहिली.

बाई मान हलवतात. "मीबी घेतला होता एक. तू बघितलेला न्हाईस. आठवडाभरच चालला, मग कापला."

माझ्या अंगावर सरसरून काटा येतो. बाईंचे तिन्ही सिनेमे मला तोंडपाठ आहेत, म्हणजे मी तसं समजत होते. त्यांत असा शॉट नाही. असूच शकत नाही, कारण तो कापलेला आहे. मी त्यांचा दंड घट्ट धरते. हा शॉट आमच्या दोघींना वेगवेगळा सुचला, या एका गोष्टीनं मला भरून येतं.

पडद्यावर तो येतो. एक बाई खिडकीशी उभी आहे, पाठमोरी. बाहेर गाडी सुटल्याचा आवाज येतो. नवरा निघून गेला आहे, परत यायचा नाही. ती वळत नाही. सगळी पाठ पडद्यावर, चोळीची गाठ, मानेवर सुटलेले चार केस. आधी काहीच होत नाही. मग पुढच्या बाकावरची एक मान जरा डावीकडे कलते. तिच्या शेजारची कलते. मग तो बाक, मग त्याच्या मागचा, आणि बघता बघता सगळं थिएटर डावीकडे वाकलंय, घाटातल्या वळणावर एसटीतली माणसं वाकतात तसं. पडद्यावरच्या बाईचा चेहरा दिसावा म्हणून. जणू नीट वाकलं तर तो दिसेल. मांडीवरची पोरंसुद्धा वाकली आहेत. आमच्या शेजारची म्हातारी कळवळून म्हणते, वळ की गं जरा. मीही वाकले आहे, माझं डोकं बाईंच्या खांद्याला लागलंय.

"दिसत नाही, बाई."

"दिसत न्हाई म्हणून तर वाकालीयास."

कुठूनतरी हुंदका येतो. मग दुसरीकडून. चेहरा कुणालाच दिसलेला नाही आणि प्रत्येकीला आपापला दिसला आहे. मला आत्ताच्या आत्ता धावत जाऊन दादांना इथं आणायचंय, त्यांची मान धरून दाखवायचंय, की हे बघा, पाठ बघायला कोण येतंय ते बघा.

पुढच्या आठवड्यात वितरकानं शॉट कापून टाकला, असं बाई सांगतात. ऑपरेटरच्या चुकीनं सिनेमा थांबला असं लोकांना वाटेल म्हणाला. बाई भांडल्या का, असं मी विचारते. भांडल्या. हरल्या. तोंडाळ म्हणून नाव झालं आणि तिसरा सिनेमा मिळेपर्यंत केस पांढरे व्हायला लागले. मधल्या काळात त्यांनी लग्नांच्या फिल्मा काढल्या, शेतीखात्यासाठी खतांची माहिती देणाऱ्या फिती काढल्या, आणि तिसऱ्यानंतरचं आयुष्य चौथ्या सिनेमासाठी लोकांच्या दारांत बसून काढलं. तो झालाच नाही. हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा पडत नाही, याचं मला वाईट वाटतं आणि अभिमानही वाटतो.

"कापला तर कापला," बाई म्हणतात. "त्या आठवड्यात बायका वाकल्या. ते कुणाच्या बापाला कापता येत न्हाई."

त्या उठतात. मी त्यांच्या मागून बाकांमधल्या वाटेनं चालते. पायाखाली टरफलं, टरफलं, मग शेण सारवलेली जमीन. वाट आमच्या लोकेशनच्या स्वयंपाकघरात निघाली आहे. छपरातल्या काचेतून उन्हाचा पट्टा चुलीपर्यंत आलाय, मला हवा होता अगदी तसा. कॅमेरा दाराशी उभा आहे, पाठीमागच्या जागेवर. कुणी आणला, कोण जाणे. मी धावत जाऊन त्याला डोळा लावते. फ्रेम सुरेख आहे. चूल, फडताळ, ऊन. आणि बरोबर मधोमध बाई उभ्या आहेत, फडताळात काहीतरी शोधत.

"बाई, तुम्ही फ्रेममध्ये आलात."

"असू दे की. च्या करालोय."

मी थांबते. बाई डबे उघडून बघतात, बंद करतात. साखर सापडते, पत्ती सापडत नाही. उन्हाचा पट्टा चुलीवरून इंचभर सरकतो. मी घसा खाकरून, बाई, जरा एक मिनिट बाजूला होता का, असं विचारते. त्यांना ऐकू येत नाही, किंवा त्या तसं दाखवताहेत. मी पुन्हा विचारते. कोण काय म्हणालं का, असं त्या फडताळाला विचारतात.

मला कळतं. त्या मुद्दाम करताहेत. मग मी शहाणपणानं म्हणून बघते, "होऊ द्या."

"तो शब्द माझा," बाई पाठमोऱ्याच म्हणतात. "माझ्याबरोबर जळाला. तुझा काढ."

"माझा कुठला?"

"ते मी कसं सांगू? तुझ्या घरात कोण यायचं हाय ते तुलाच म्हाईत."

ऊन आणखी सरकतं. थोड्या वेळात ते चुलीवरून उतरेल आणि मग शॉट नाही. मी कॅमेऱ्यामागंच उभी आहे. आयुष्यात मी बाईंना कधी "सरका" म्हटलेलं नाही. त्यांनी सांगायचं आणि मी सरकायचं, हे आमचं ठरलेलं. आणि दुसरंही एक मला समजतंय. यांना बाजूला व्हा म्हटलं की या जातील. खोलीच्या बाहेर नाही, अगदीच जातील. इतक्या दिवसांनी भेटल्या आहेत. अजून किती तरी विचारायचं राहिलंय. त्या चहा करताहेत, चहा होऊ द्यावा, एक घोट घ्यावा, शॉटचं काय एवढं, असंही मनात येतं.

पण फ्रेम रिकामी हवी आहे. ती मला इतकी हवी आहे की हातांची बोटं कॅमेऱ्यावर आवळली जाताहेत. वाकलेल्या बायका मला पाठीमागे जाणवतात, थिएटरभर, माझ्या फ्रेमकडे बघत बसलेल्या.

मी श्वास घेते, पोटापासून.

"बाई, बाजूला व्हा. फ्रेम माझी आहे."

एवढ्या मोठ्या आवाजात मी कधी बोललेले नाही. डबे वाजतात. बाई हातातला साखरेचा डबा खाली ठेवतात आणि वळतात, आणि मला त्यांचा चेहरा दिसतो, अगदी समोरून, उन्हात. पहिला नारळ स्वतः फोडला तेव्हा असाच दिसला असेल. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"आत्ता कसं," त्या म्हणतात.

मग त्या फ्रेममधून बाहेर चालू लागतात. पायांत कोल्हापुरी वहाण आहे. कर्र, कर्र, कर्र, फडताळापासून मागच्या दारापर्यंत. मी मान वळवून बघत नाही. मला फ्रेम सोडायची नाही. चूल आहे, ऊन आहे, मधली जागा मोकळी आहे. मी तोंड उघडते आणि काहीतरी म्हणते. काय म्हणते ते मला ऐकू येत नाही, कारण त्याच क्षणी जनरेटरची घरघर पाठीत घुसते आणि मी साड्यांच्या गठ्ठ्यावर उठून बसलेली असते.

तोंडाला कोरड पडली आहे, घसा खरवडल्यासारखा झालाय. दारात वासंतीताई उभ्या आहेत, उजवा हात खरकटा, ताटावरून उठून आलेल्या.

"मला हाक मारलीस ना?" त्या विचारतात. "आधी कुणावर तरी ओरडलीस. मग 'या' म्हणालीस. मला वाटलं शॉट लागला, म्हणून आले."

मी तो शब्द स्वतःशी म्हणून बघते. या. इतका साधा. दारात आलेल्या माणसाला म्हणतो तो.

तेवढ्यात युनूसभाई येतात. युनूस मुल्लाणी आमचे ध्वनिमुद्रक, गरीब स्वभावाचे, पण आत्ता वैतागलेले. प्रत्येक घराची शांतता वेगळी असते, ती त्यांना संवादांखाली घालायला लागते. म्हणून सुट्टीत सगळ्यांना अंगणात पिटाळून, स्वयंपाकघरात माइक ठेवून ते या घराची शांतता मुद्रित करत बसले होते. कपड्यांच्या खोलीत मी झोपले आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही ओरडलात, सगळं गेलं, असं ते म्हणतात. मग जरा घुटमळतात आणि कानावरचा हेडफोन काढून माझ्या डोक्यावर ठेवतात.

"मॅडम, एवढं एकदा ऐका. आत कुणी नव्हतं, मी दाराशीच बसलो होतो."

आधी घराची शांतता ऐकू येते, छपरावर चिमण्या, लांब जनरेटर. मग माझा आवाज येतो, भिंतीपलीकडून, तरी खणखणीत. बाई, बाजूला व्हा. फ्रेम माझी आहे. नंतर काहीच नाही. मी युनूसभाईंकडे बघते तर ते बोट वर करून थांबा म्हणतात. आणि मग माइकच्या अगदी जवळून, स्वच्छ, कर्र, कर्र, कर्र. जमिनीवरून कुणीतरी सावकाश चालत जातं, मागच्या दाराच्या दिशेनं, आणि बारीक होत होत थांबतं. शेवटी मी म्हणते, "या."

माझे हात गार पडलेत आणि मला हसू फुटतंय, दोन्ही एकदम.

"पुसून टाकू?" युनूसभाई विचारतात.

"पुसायचं नाही. कधीच नाही."

खोतदादा हात पुसत येतात, काय गोंधळ चाललाय ते बघायला. मी हेडफोन त्यांच्या हातात देते. ते ऐकतात. माझ्या ओरडण्यावर त्यांच्या भुवया वर जातात. मग त्यांचा चेहरा बदलतो, आणि ते एका जागी खिळून उभे राहतात. बाईंच्या शेवटच्या सिनेमात कॅमेऱ्याशी बसून त्यांनी त्या वहाणांचा आवाज रोज ऐकलेला आहे. ते हेडफोन काढतात, युनूसभाईंना परत देतात, आणि मला काहीही न विचारता स्वयंपाकघरात जातात. पाठोपाठ स्टँडचे पाय उचलल्याचा आवाज येतो. चुलीच्या पलीकडून दाराकडे.

"लवकर ये," ते आतून म्हणतात. "ऊन उतरालंय."

मी जाते. कॅमेऱ्याच्या शेजारी जमिनीवरच बसते. वासंतीताई हात धुऊन, पदर सारखा करून दाराबाहेर थांबल्या आहेत. सगळे गप्प होतात. दादा म्हणतात, "रोलिंग," आणि तोंड मिटून माझ्याकडे बघतात. चूल, फडताळ, ऊन, मधली मोकळी जागा.

"या," मी म्हणते.